जुन्या बुलेटला टायर कोणता टाकायचा : चोपड्याच्या भावाला सविस्तर उत्तर

चोपड्याकडच्या एका भावाचा प्रश्न आलाय. आजोबांची १९८४ ची बुलेट ३५०, नऊ वर्षं खळ्यात पत्र्याखाली उभी होती, आता इंजिन चालू झालं, कार्ब्युरेटर वायरिंग सगळं झालं आणि गाडी टायरवर येऊन अडकली. दोन्ही टायरवर ३.२५-१९ लिहिलंय (म्हणजे टायर ३.२५ इंच रुंद, रिम १९ इंचाचं), नक्षी निम्म्यापेक्षा जास्त शिल्लक, पण साईडला बारीक बारीक चिरा. एक टायरवाला म्हणतो मागे ४.०० टाक भारी दिसेल, दुसरा म्हणतो रिम बदल, १८ ची ट्यूबलेस करून टाक, आणि मित्र म्हणतो ग्रिप आहे ना अजून, एक वर्ष ओढ. वापर म्हणजे रोज मळ्यात, अधूनमधून बायकोला घेऊन जळगाव, आणि पाऊस उघडला की तोरणमाळ.

मी अठ्ठावीस वर्षं हेच करतोय, बुलेट, येझदी, राजदूत, एकदोन डिझेल बुलेटसुद्धा, म्हणून जरा लांबण लागेल, चहा घेऊन बस.

आधी मित्राचं बघू, कारण तो सगळ्यात धोक्याचा आहे. ग्रिप किती राहिली ह्यावर टायर ठरत नाही भो, रबर जिवंत आहे का ह्यावर ठरतो. अंगठ्याचं नख नक्षीच्या गोटीत, म्हणजे रबराच्या उंच ठोकळ्यात, दाबून बघ, नवा टायर असला तर नख रुततं आणि खूण हळूहळू भरून येते, तुझ्या टायरवर नख घसरेल, प्लास्टिकच्या बादलीवर घसरल्यासारखं. नऊ वर्षं एका जागी उभी गाडी, वर पत्रा, आपल्याकडचा मे महिना, पत्र्याखाली काय भट्टी होते ते तुला सांगायला नको. उष्णतेने रबरातलं तेल उडतं, हवेतला ओझोन साईडवॉलला चिरा पाडतो, आणि चाक एकाच जागी दबलेलं असल्यामुळे खालचा भाग सपाट होऊन बसतो, पन्नासच्या पुढे गेलास की हँडलला धडधड लागेल आणि तू बेअरिंग बदलत बसशील. चीर वरवर दिसते पण आत नायलॉनच्या दोऱ्यापर्यंत गेली की नाही हे बाहेरून कळत नाही. ते दोन्ही टायर गेले असं समज. त्यावर चर्चा नको.

आता घ्यायचा कोणता. सगळे विचारतात अण्णा कंपनी कोणती चांगली, मी म्हणतो कंपनी सगळ्यात शेवटी. पहिलं रिम. टायर गाडीला बसत नसतो, रिमला बसतो. तुझ्या गाडीचं रिम धुवून बघ, गंजाखाली स्पोकजवळ कुठेतरी डब्ल्यूएम२-१९ असं ठोकलेलं सापडेल. डब्ल्यूएम२ म्हणजे आतली रुंदी १.८५ इंच. डब्ल्यूएम३ असेल तर २.१५ इंच. कोणी मधल्या काळात रिम बदललं असेल तर वेगळंही निघू शकतं, जुन्या गाडीत काहीही निघतं, माझ्याकडे एक बुलेट आली होती तिच्या पुढच्या मागच्या रिमची रुंदीच वेगळी होती आणि मालकाला वीस वर्षं पत्ता नाही. म्हणून वाचल्याशिवाय आणि पट्टी लावल्याशिवाय पैसे काढू नको.

१.८५ च्या रिमवर ३.२५ चा टायर पाय पसरून नीट बसतो. ३.५० पण बसतो, थोडा उभट होतो पण चालतं, पाचशेच्या बुलेटला मागे ३.५०-१९ च यायचा. ४.०० मात्र त्या रिमवर चिमटीत धरल्यासारखा होतो, खालून दाबला की वरून टोक काढतो. मग काय होतं, सरळ रस्त्यावर टायर मधल्या एका पट्टीवरच चालतो, ती पट्टी पटकन घासते, आणि वळणावर गाडी सावकाश कलत नाही, एका जागेवरून धपकन पडल्यासारखी कलते. म्हणजे रुंद टायर घेऊन जमिनीला टेकणारं रबर कमीच झालं. दिसायला भारी दिसतं हे खरं, चौकात उभी असली की पोरं बघतात, पण ती उभी असतानाच.

आणि आपल्या भागात ४.०० न टाकण्याचं अजून एक कारण आहे जे पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगून समजत नाही. काळी माती. तू रोज मळ्यात जातोस म्हणतोस. जुलैमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की पाणंद रस्त्याची माती टायरला कशी लपेटते तुला माहितीये, चप्पल पायातून निघून जाते तसली माती. ३.२५ च्या टायरला मडगार्डच्या आत दोन्ही बाजूला बोटभर जागा राहते, माती चढते पण निघूनही जाते. ४.०० टाकलास की डाव्या बाजूला चेन आणि चेनकव्हर जवळ, वर मडगार्ड जवळ, पुढे चिमट्याच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या, आडव्या पाईपला जवळ. कोरड्यात घासणार नाही कदाचित, पण माती भरली की चाक जाम. दरवर्षी असा एक तरी गडी येतो, काठीने मडगार्डमधली माती उकरून उकरून हात भरलेले असतात आणि वर म्हणतो क्लच गेला वाटतं. क्लच खरंच गेलेला असतो म्हणा, जाम चाक ओढून ओढून.

म्हणजे पुढे ३.२५-१९ पक्का. मागे ३.२५ की ३.५० हे वजनावर ठरव, आणि वजन अंदाजे नाही, मांडून. तुझी गाडी पेट्रोल, लेगगार्ड, टूलबॉक्स धरून पावणेदोनशे किलोच्या आसपास. तू पंच्याहत्तर धरू, बायको साठ, पिशव्या-बिशव्या वीस. झाले तीनशेतीस. डबल सीट असताना ह्यातलं साठ-पासष्ट टक्के मागच्या चाकावर येतं, म्हणजे दोनशे ते दोनशे पंधरा किलो. आता टायरच्या साईडला साईजच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं, उदाहरणार्थ ५४पी. तो ५४ म्हणजे किलो नव्हे, बरेच जण तिथेच चुकतात, तो लोड इंडेक्स, ५४ म्हणजे २१२ किलो. ५७ म्हणजे २३०. ६० म्हणजे २५०. आणि अक्षर स्पीडचं, 'जे' म्हणजे ताशी १०० किलोमीटर, एल १२०, पी १५०, एस १८०. आपली कास्ट आयर्न ३५० म्हणजे अठरा हॉर्सपॉवर, शंभर गाठताना तिलाही कसंतरी होतं आणि आपल्यालाही, त्यामुळे स्पीडच्या अक्षराचा बाऊ करायचं कारण नाही, पण लोडचा आकडा बघच. ५४ चा टायर तुझ्या डबल सीटच्या हिशोबात अगदी काठावर येतो. म्हणून मागे ५७ किंवा त्याच्या वरचा घे, मग तो ३.५०-१९ असो नाहीतर ३.२५ मध्येच सहा प्लायचा. सहा प्लायवर ६पीआर असं लिहिलेलं असतं. सहा प्लाय म्हणजे आत सहा थर असतातच असं नाही, तेवढ्या ताकदीचा असा अर्थ. शेतावर खताची गोणी टाकणारा माणूस असेल तर मी डोळे झाकून सहा प्लाय देतो, फक्त थोडा कडक चालतो, खड्डा कमरेला जास्त कळतो. तू मळ्यातून काही आणत नसशील तर ३.५० बरा. पण तू आणत असणार, मला माहितीये.

पुढे कधीही रुंद टायर नको. पुढच्या टायरचं काम वजन उचलायचं कमी, दिशा धरायचं जास्त. म्हणून जुन्या गाड्यांना पुढे लाईनवाला टायर असायचा, सरळ उभ्या लाईनी, ज्याला रिब म्हणतात, आणि मागे गोट्यावाला. लाईनवाल्याचा फायदा असा की ब्रेक मारताना गाडी डावी-उजवी भटकत नाही, आणि पुढचा ड्रम ब्रेक कोरड्या रस्त्यावर तसाही सहसा टायर लॉक करण्याच्या ताकदीचा नसतो. तोटा असा की चिखलात पुढचं चाक लाईनीत माती भरून घेतं आणि हँडल हलकं होतं, आणि रस्त्यात लांबच्या लांब उभी भेग किंवा काँक्रीटचा जॉईंट आला की चाक त्यात शिरायला बघतं. तू रोज मातीत जाणार म्हणून तुला पुढेही रिबपेक्षा मधे सलग पट्टी आणि बाजूला गोट्या असलेली युनिव्हर्सल नक्षी सांगेन. ज्याची गाडी फक्त रविवारी धुळे-जळगाव हायवेला निघते त्याने खुशाल रिब टाकावा, दिसायलाही तोच शोभतो. पूर्ण बटणवाला, डर्टचा, तो नको, तोरणमाळचा घाट त्याच्यावर उतरताना लोण्यावर उतरल्यासारखं वाटेल.

१८ इंच ट्यूबलेसवाल्याचं. तो अगदीच चुकीचा माणूस नाही, त्याचं गणित कुठून येतं ते सांगतो. ११०/९०-१८ हा नंतरच्या क्लासिकच्या मागचा साईज. ११० ची नव्वद टक्के उंची ९९ मिलीमीटर, दोन्हीकडची मिळून १९८, त्यात १८ इंच म्हणजे ४५७, झाले ६५५. आणि तुझा ३.२५-१९ भरतो साधारण ६५०. म्हणजे बाहेरची उंची जवळपास तीच, गाडी खाली-वर होत नाही, चेनचं गणित बिघडत नाही, टायर मात्र कुठल्याही दुकानात मिळतो. इथपर्यंत बरोबर. पण त्याला रिम रुंद लागतं, अडीच इंचाच्या आसपास, मग नवीन रिम, नवीन चाळीस स्पोक, जुन्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, परत विणायचं, आणि रुंदी वाढली की पुन्हा तोच चेनकव्हर आणि चिमट्याचा प्रश्न. आणि एवढं करून स्पोकचं चाक ते स्पोकचंच, प्रत्येक निप्पलचं, म्हणजे स्पोकच्या टोकाच्या नटाचं, भोक रिमच्या आरपार, हवा तिथून जाणार, म्हणून ट्यूब लागतेच. सिलिकॉन आणि टेप लावून बंद करणारे आहेत, मी करत नाही, कारण भोकं बंद केली तरी जुन्या डब्ल्यूएम रिमला आतून ती उंचवट्याची कड नसते जी हवा कमी झाली तरी टायरच्या कडेतली तार जागेवर धरून ठेवते. ट्यूबलेस रिमला ती असते. तुझ्या रिमवर हवा गेली की टायर एका क्षणात रिमच्या मधल्या खोबणीत घसरणार आणि तू हायवेवर.

टायर ट्यूबलेस लिहिलेला पण आत ट्यूब टाकून वापरायचा, हे मात्र चालतं, साईज बरोबर असेल आणि टायर कंपनीची ना नसेल तर. आतून हात फिरवून बघ, बारीक उंच रेघा असतील तर त्या ट्यूबला घासतात. आणि त्याची कड कडक असते, रस्त्यात पंक्चर झालं तर साध्या लिव्हरने निघता निघत नाही, पंक्चरवाला शिव्या घालतो. मळ्यात पंक्चर झालं तर पंक्चरवाला पण तूच. त्यापेक्षा सरळ ट्यूबवाला, ज्यावर टीटी लिहिलेलं असतं, तो घे.

जाता जाता, ३.२५-१९ च्या जागी दुकानदार ९०/९०-१९ देऊ बघेल पुढे. घे, हरकत नाही, ६४५ मिलीमीटर भरतो, फरक पाच-सहा मिलीमीटरचा, क्लासिकमुळे तो साईज सगळीकडे ताजा मिळतो. १००/९०-१९ देत असेल तर तो थोडा जाड जातो, १.८५ च्या रिमला मी नाही टाकत. आणि रेडियल नको, जुन्या गाडीला दोन्हीकडे साधा क्रॉसप्लाय, म्हणजे आतले दोऱ्याचे थर एकमेकांवर तिरपे असलेला, एक असा आणि एक तसा तर अजिबात नको.

आता तारीख. हे नीट वाच कारण इथे मी स्वतः आपटलोय, आणि तेही धंद्यात दहा वर्षं झाल्यावर. टायरच्या साईडला एका लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, समजा २३१९, म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तीन आकडी कोड असेल तर तो टायर २००० च्या आधीचा, तो म्युझियममध्ये दे. कोड बऱ्याचदा एकाच बाजूला असतो आणि दुकानदार टायर नेमका दुसरी बाजू वर करून दाखवतो, मुद्दाम असं नाही म्हणत, पण पालथा करून बघायचा. तर झालं काय, एका दुकानात मला ३.२५-१९ स्वस्तात मिळाला, कागद गुंडाळलेला, रबराच्या मिशा जशाच्या तशा, मीही म्हटलं टायर तं नवाच शे. घरी येऊन चाकावर चढवला, कड बसायला तयार नाही, तेव्हा शंका आली, कोड पाहिला तर टायर साडेसहा वर्षांचा. काढून परत करायचा सोडून मी म्हटलं चालवून टाकू. जूनमध्ये पहिला पाऊस, एरंडोलच्या अलीकडे रस्ता नुसता ओला, केळीचा ट्रक पुढे हळू झाला म्हणून मी मागचा ब्रेक दाबला, जोरात नाही, रोजच्यासारखाच, तर मागचं चाक डावीकडून माझ्या पुढे यायला निघालं. वेग तीस असेल. लेगगार्डवर आडवा झालो, गुडघा वाचला, पँट गेली, आणि ट्रकचा क्लीनर उतरून मला म्हणतो, "अण्णा, टायर टकला झाला का?" त्याला काय सांगू, मिशासुद्धा झडल्या नव्हत्या.

हे १९ इंचात जास्त होतं कारण हा साईज छोट्या गावात पटकन खपत नाही. १०० सीसीचे टायर महिन्याला गाडीभर जातात, १९ चा एक जोड माळ्यावर पडून राहतो, पत्र्याखाली, उन्हात. म्हणून दुकान मोठं की छोटं बघू नको, जिथे बुलेटचा माल फिरतो तिथे जा, जळगावला, धुळ्याला, भुसावळला अशी दुकानं आहेत, आणि फोन करतानाच विचार, "३.२५-१९ आहे का" असं नाही, "कोड काय आहे" असं. एक वर्षाच्या आतला बेस्ट, दोनपर्यंत मी घेतो, तीन वर्षांचा फुकट दिला तरी विचार करीन. आयएसआयचा शिक्का असतोच आता, नसेल तर ठेवून दे तिथेच.

कंपनी. आता विचार. एमआरएफची नायलोग्रिप, सिएटची सेक्युरा, ह्या दोन्ही नावात १९ चे टायर मी ढिगाने बसवलेत, ज्याची तारीख ताजी तो त्या दिवशी चांगला. ज्यांना जुन्या विलायती नक्षीचं वेड आहे ते डनलॉपचा के७० किंवा एव्हॉनचा स्पीडमास्टर शोधतात, टायर सुरेख आहेत, ओल्या रस्त्याला रबर छान चिकटतं, शोमध्ये गाडी लावायची असेल तर मन मोडू नका. पण त्यातल्या एका टायरच्या पैशात आपले इथले दोन टायर, दोन ट्यूब, रिमवरचे दोन रबरी फ्लॅप आणि फिटिंग होऊन शेवभाजीचे पैसे उरतात. रोज मळ्यात जाणाऱ्याने उरलेली शेवभाजी खावी. आणि मऊ रबर आपल्या उन्हाळ्यात लवकर झिजतं हेही आहे. चढवलेला, म्हणजे वर नवं रबर लावलेला रिसोल टायर मोटरसायकलला कधीच नाही, ट्रॉलीला लावा.

टायर घेतला म्हणजे काम निम्मं झालं. ट्यूब नवीन, साईजची, १९ ची. जुनी ट्यूब नव्या टायरमध्ये टाकू नको, ती जुन्या टायरच्या पोटात पसरलेली असते, नव्यात घडी पडते, आणि घडीवरच फाटते. रिमवरचा रबरी फ्लॅप, जो निप्पलची टोकं झाकतो, तो नऊ वर्षांत कडक होऊन पापड झाला असेल, हातात घेतलास की मोडेल. तो काढल्यावर आत काय दिसेल ते सांगतो : लालसर गंजाची पूड, त्यात दोन-चार निप्पलच्या वर स्पोकचं टोक सुईसारखं बाहेर आलेलं. पंक्चरवाला दर पंधरा दिवसांनी "खिळा लागला" म्हणून पैसे घेतो तो खिळा हाच. टोकं कानसीने घासून सपाट कर, गंज पॉलिश पेपरने काढ, प्रायमरचा हात मार, वाळू दे, मग नवीन फ्लॅप. गंजाने रिममध्ये खड्डे पडले असतील, खिळा टोचून बघितल्यावर आत जात असेल, तर रिमच बदल आणि तेव्हाच बदल. स्पोकवर पान्याने हलकं वाजव, ताठ असेल तो टण्ण वाजतो, ढिला असेल तो थप्प. टायर चढवायच्या आधी चाकाचा आऊट, म्हणजे डुगडुग, काढून घे, नंतर काढायला गेलास तर फ्लॅप आणि ट्यूब परत धोक्यात.

मागचं चाक खोललंच आहे तर बेअरिंगला ग्रीस, ब्रेकशू, आणि हबमधले कुशन रबर बघून घे, ते भुगा झालेले असतील, गिअर टाकताना खाट्ट झटका बसतो तो त्याचाच.

फिटिंग. टायर अर्धा तास उन्हात ठेव, आपल्याकडे मेमध्ये पंधरा मिनिटंही पुरे, रबर मऊ पडतं आणि लिव्हरला जोर लावावा लागत नाही. कडेला साबणाचं पाणी, ग्रीस किंवा जळकं ऑईल नाही, रबर खातं ते. ट्यूबला संगजिऱ्याची पावडर चोळ, आणि थोडीशी हवा भरून गोल करून मगच आत टाक, चपटी टाकलीस की लिव्हरखाली सापडते. टायरवर बाण असेल तर फिरायच्या दिशेने, पिवळा ठिपका असेल तर वॉल्व्हजवळ. शेवटची कड नेहमी वॉल्व्हपाशी चढव आणि तेव्हा समोरच्या बाजूला गुडघ्याने टायर दाबून तार रिमच्या खोबणीत ढकललेली पाहिजे, तिथेच सगळी खुबी आहे, ताकदीचं काम नाही, माझ्याकडचा पोरगा पंचेचाळीस किलोचा आहे आणि दोन लिव्हरने बुलेटचा टायर चढवतो. हवा भरल्यावर रिमच्या कडेपासून टायरवरची बारीक गोल रेघ दोन्ही बाजूंनी सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी आत दबलेली असेल तर हवा सोड, साबण लाव, परत भर. नाहीतर चाक अंडं फिरल्यासारखं फिरेल.

वॉल्व्हचा खालचा नट रिमला आवळू नको. बहुतेक पंक्चरवाले करकचून आवळतात. तो ढिला ठेव, वर टोपीच्या बाजूला सरकवून. कारण हवा कमी असताना टायर रिमवर हळूहळू सरकतो, ट्यूब त्याच्यासोबत जाते, आणि वॉल्व्ह तिरका झालेला तुला दिसतो, म्हणजे आधीच कळतं. नट आवळलेला असेल तर दिसत काहीच नाही, एक दिवस वॉल्व्ह मुळापासून फाटतो.

हवा पुढे २०-२२, मागे एकट्याला ३०, डबल सीट ३२. सकाळी, गाडी थंड असताना, स्वतःच्या गेजने. पंपावरचा काटा काय दाखवतो ते त्याच्या मूडवर. सकाळी ३० भरलेली दुपारी हायवेला पंचेचाळीस डिग्रीत ३४-३५ दाखवेल, घाबरून सोडू नको, ती उष्णतेची आहे, सोडलीस तर रात्री टायर बसलेला असेल आणि कमी हवेने जास्त तापून लवकर मरेल. नायट्रोजनवर पैसे घालवायचे तर घाल, मी घालत नाही.

पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर सांभाळून, नवीन टायरवर साच्याची चकाकी असते, रस्ता कोरडा असला तरी घसरतो. म्हणजे फिटिंग करून लगेच तोरणमाळ नाही. आठ दिवस मळ्यात ये-जा कर, मातीच्या रस्त्याने चकाकी आपोआप उतरते, मग जा.

मळ्यात बाभळीचा काटा लागणारच, त्यासाठी एक. ट्यूबला चिकटी लावून झाली की लोक लगेच टायर बंद करतात आणि संध्याकाळी परत पंक्चर, कारण काट्याचं टोक टायरमध्येच मोडून राहिलेलं असतं, केसाएवढं, बोटाला लागत नाही. कापसाचा बोळा घे, आपल्याकडे कमी आहे का, आणि टायरच्या आतून पूर्ण गोल फिरव. जिथे काटा तिथे कापूस अडकतो.

दोन्ही टायर आता एकदम बदल, पुढचा "बरा दिसतो" म्हणून ठेवू नको, दोघांचं वय सारखंच आहे. ह्यानंतर मागचे दोन जातील तेव्हा पुढचा एक जाईल, पण पुढच्याचीही तारीख लिहून ठेव, टूलबॉक्सच्या झाकणाला आतून, मार्करने. पाच वर्षं झाली की दर उन्हाळ्याआधी नख लावून बघायचं. आरसी रिन्यू करायची राहिली असेल तर टायर बदलूनच गाडी आरटीओला ने, तिथे टायर बघतात.

आणि काढलेले जुने दोन टायर दुकानात सोडून येऊ नको. त्यावर नक्षी चांगली दिसते, कोणीतरी काळं पॉलिश मारून दुसऱ्या कोणाच्या आजोबांच्या गाडीला चढवेल. हेक्सॉने दोन्ही कडांच्या तारा कापून टाक, मग न्यायचे तिथे ने.